आज उद्रेक नाही

हंस तारकासमूह मध्यरात्री आपल्या डोक्यावर येतो तो नेमका श्रावण-भाद्रपदात. आकाश बघायची सवय असलेल्याला यातली अडचण लगेच कळेल. सह्याद्रीच्या अंगाला त्या दिवसांत निरभ्र रात्र मिळणं मुश्कील. साताऱ्यात तर समोरचा यवतेश्वरचा डोंगरही दिवसच्या दिवस ढगात बुडालेला असतो. आणि ज्या जोडताऱ्याने मला रात्री जागायला लावलं तो एसएस सिग्नी याच हंसात आहे, शेपटीतल्या ठळक ताऱ्याच्या पूर्वेला.

१८९६ साली हार्वर्ड वेधशाळेत लुइझा वेल्स यांना तो छायाचित्रांच्या काचांवर सापडला. एरवी बाराव्या प्रतीचा, म्हणजे दुर्बीण नसेल तर नाव काढू नये इतका मंद. (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद.) पण दर सात-आठ आठवड्यांनी त्याला काहीतरी होतं. दिवस-दोन दिवसांत तो आठव्या प्रतीपर्यंत चढतो, जवळपास चाळीसपट उजळतो, आठवडा-दोन आठवडे तसा राहतो आणि परत उतरतो. चढलेला असताना साध्या बायनॉक्युलरमधूनही दिसतो. गेल्या सव्वाशे वर्षांत त्याचा जवळजवळ एकही उद्रेक निसटलेला नाही. मधे दोन महायुद्धं होऊन गेली, देश बदलले, दुर्बिणी बदलल्या, तरी पृथ्वीवर कुठे ना कुठे कुणीतरी अंधारात उभं राहून त्याची प्रत वहीत लिहीत होतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आकाशातल्या घटनेइतकीच मोठी.

तिथे आहेत दोन तारे. एक सूर्याहून लहान, नारिंगी. दुसरा श्वेत बटू: सूर्याच्या वस्तुमानाच्या जवळ जाणारा, पण पृथ्वीएवढ्या आकारात दाबून बसलेला मेलेल्या ताऱ्याचा गाभा. दोघं इतके लगटून आहेत की साडेसहा तासांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी होते. श्वेत बटू शेजाऱ्याच्या अंगावरचा वायू ओढत राहतो. तो वायू सरळ त्याच्यावर पडत नाही, कारण त्याला फिरण्याचा वेग आहे. म्हणून बटूभोवती वायूची चकती तयार होते, आणि वायू तीत फिरत फिरत सावकाश आत सरकतो. आपल्याला उद्रेक म्हणून दिसतो तो या चकतीचा उजेड. त्याला पोचायला साधारण ३७० वर्षं लागतात. आज डोळ्यात शिरणारा किरण निघाला त्या सुमारास जावळीच्या खोऱ्यात चंद्रराव मोऱ्यांचा अंमल होता.

उद्रेक होतो कसा, हे साताऱ्यातल्या माणसाला कोयनेवरून चटकन कळतं. जुलै लागला की आमच्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी आकडे पडतात: साठा इतके टीएमसी, आवक इतके क्युसेक, विसर्ग शून्य. आवक चालूच असते, नदी मात्र शांत. मग १०५ टीएमसीचं धरण भरत आलं की सहा वक्र दरवाजे उचलले जातात आणि खाली पाणी धावतं. चकतीचंही तसंच. शेजाऱ्याकडून येणारी आवक रोजचीच. साठा वाढतो आणि एका टप्प्याला दरवाजा उघडतो.

फक्त तिथे दरवाजा उचलायला कुणी अभियंता नाही. तिथला दरवाजा म्हणजे हायड्रोजन. चकती थंड असते तोवर हायड्रोजनचे अणू अखंड असतात. असा वायू आपली उष्णता सहज बाहेर टाकतो, त्याचे थर एकमेकांना फारसे घासत नाहीत, आणि त्यामुळे जेवढा माल बाहेरून येतो तेवढा आत सरकत नाही. साठता साठता एखाद्या पट्ट्यात तापमान इतकं होतं की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. मग वायू अपारदर्शक होतो, उष्णता आत कोंडते, कोंडल्यामुळे तापमान आणखी चढतं, आणि चढल्यामुळे आणखी इलेक्ट्रॉन सुटतात. बघता बघता तो पट्टा दहा हजार अंशांच्या आसपास जातो. घर्षण वाढतं, साठलेला माल आत धावू लागतो, आणि शेजारचा पट्टा तापतो, मग त्याच्या शेजारचा. उद्रेकाचं मूळ चकतीतच आहे ही कल्पना जपानच्या योजी ओसाकी यांनी १९७४ मध्ये मांडली. हायड्रोजनचं हे गणित त्यानंतरच्या काही वर्षांत जुळत गेलं.

कोयनेचे दरवाजे उचलल्यावर कराडला प्रीतिसंगमावर पाणी चढायला काही तास लागतात, आणि सांगलीत आयर्विन पुलाखालची पातळी वाढायला त्याहून जास्त. पाणी कुठून सुटलं आणि किती वेळाने कुठे पोचलं, यावरून नदी कशी वाहते ते कळतं. या जोडताऱ्यांचा अभ्यास करणारे हेच करतात. चकतीचा बाहेरचा भाग तापला की दृश्य प्रकाश वाढतो. माल आत, अगदी श्वेत बटूच्या पृष्ठभागापर्यंत पोचला की क्ष-किरण वाढतात. दोन्हींमध्ये किती वेळ गेला, ते मोजायचं.

क्ष-किरण मात्र जमिनीवर पोचत नाहीत, वातावरण ते वाटेतच अडवतं. त्यामुळे ते बघायचे तर उपग्रह हवा. आणि उपग्रहाचा वेळ महिनोन् महिने आधी वाटून दिलेला असतो. एका ताऱ्याकडे तो तोंड करून बसू शकत नाही. कुणीतरी खालून सांगावं लागतं की सुरू झालंय, वळवा.

ऑक्टोबर १९९६ मध्ये एसएस सिग्नीच्या बाबतीत हे अगदी नेमकं जमलं. अमेरिकेतली रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना, एएव्हीएसओ, १९११ पासून हौशी लोकांच्या नोंदी गोळा करते. तिच्या निरीक्षकांनी उजेड चढताना पकडला आणि क्ष-किरण व अतिनील, दोन्ही उपग्रहांच्या नोंदी त्यासोबत ठेवता आल्या. दृश्य उजेड वाढायला लागल्यानंतर साधारण एका दिवसाने क्ष-किरण वाढले. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण मग उद्रेक ऐन भरात येत असताना ते एकाएकी कोसळले आणि त्याच वेळी अतिनील किरण चढले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या आलेखाकडे बघत बसले होते. जास्त माल पडतोय तर जास्त क्ष-किरण यायला हवेत, असं कुणालाही वाटेल. पण बटूला टेकताना वायू प्रचंड वेगातून एकदम थांबतो. विरळ असला तर त्याचं तापमान कोटी अंशांच्या घरात जातं आणि क्ष-किरण निघतात. तोच वायू दाट होऊन आला की स्वतःची उष्णता भराभर बाहेर टाकतो, तापमान काही लाख अंशांवर येतं, आणि मग निघतात ते अतिनील किरण. पूर मोठा म्हणूनच क्ष-किरण कमी. नुसत्या क्ष-किरण दुर्बिणीकडे बघणाऱ्याला वाटलं असतं की उद्रेक ओसरला. खाली डोळ्यांनी बघणारे लोक मात्र लिहीत होते की तारा अजून झगमगतोय. दोन्ही नोंदी एका कागदावर आल्या तेव्हा खरी गोष्ट कळली.

याच ताऱ्याच्या अंतराचीही एक हकिकत आहे. हबल दुर्बिणीने ते मोजलं तेव्हा ५०० प्रकाशवर्षांच्या वर आलं. तो तारा खरंच इतका लांब असता तर त्याची चकती मुळात इतकी तेजस्वी ठरली असती की ती कायम तापलेलीच राहायला हवी होती, उद्रेक व्हायलाच नकोत. सिद्धान्तच अडचणीत आला. रेडिओ दुर्बिणींनी अंतर पुन्हा मोजायचं ठरलं, पण हा तारा रेडिओ लहरी धड सोडतो त्या फक्त उद्रेकात. पुन्हा तेच: कुणीतरी सांगायला हवं. हौशी निरीक्षकांनी सांगितलं, मोजमाप झालं, आणि २०१३ मध्ये उत्तर आलं साधारण ३७० प्रकाशवर्षं. सिद्धान्त शाबूत राहिला.

श्वेत बटूच्या जागी कृष्णविवर असलं तर सगळं याहून उग्र आणि याहून विरळ. हंसातच व्ही ४०४ सिग्नी आहे. १९३८ मध्ये त्याचा उद्रेक झाला तेव्हा लोकांनी त्याला नवतारा म्हणून नोंदवून ठेवलं. मे १९८९ मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहाला तिथून क्ष-किरण आले. मग तिथल्या ताऱ्याची गती मोजली गेली आणि सूर्याच्या सुमारे नऊपट वस्तुमानाचं कृष्णविवर पुढे आलं. त्यानंतर २६ वर्षं शांतता. आणि १५ जून २०१५ ला स्विफ्ट उपग्रहाला त्याने पुन्हा जागं केलं.

१५ जून. आपल्याकडे मृग. पेरणीसाठी ज्याची वाट बघायची त्याच पावसाच्या ढगांमागे हे सगळं चाललं होतं. जगभरातले लोक तेव्हा २० सेंटिमीटरच्या दुर्बिणी घेऊन त्याच्याकडे बघत होते. एरवी अठराव्या प्रतीच्या आसपास असलेला तो तारा इतका चढला होता, आणि काही मिनिटांत इतका कमी-जास्त होत होता, की कृष्णविवराच्या काठावरची उलथापालथ माणसाच्या डोळ्याला थेट दिसावी. जपानी संशोधकांनी ठिकठिकाणच्या निरीक्षकांची मोजमापं जमवून त्यावर लिहिलेला निबंध २०१६ च्या जानेवारीत नेचर या विज्ञानपत्रिकेत आला. आपला ॲस्ट्रोसॅट श्रीहरिकोट्याहून उडाला २८ सप्टेंबर २०१५ ला. एकाच वेळी क्ष-किरण आणि अतिनील बघू शकणारा उपग्रह, अशाच घटनांसाठी जणू बांधलेला, आणि तीन महिन्यांनी उशिरा. याची हळहळ मला आजही वाटते.

त्या उद्रेकातला सगळ्यांत मोलाचा धागा मात्र नंतर हाती आला. हवाई आणि ऑस्ट्रेलियातल्या फॉल्क्स दुर्बिणी त्या ताऱ्यावर आधीपासून नजर ठेवून होत्या, शाळेतली मुलंसुद्धा ज्या दुर्बिणी वापरतात त्याच या. त्यांच्या नोंदी मागे जाऊन तपासल्या, तर क्ष-किरणांची पहिली चाहूल लागण्याच्या साधारण आठवडाभर आधी दृश्य प्रकाश हळूहळू वाढायला लागलेला दिसला. उपग्रहाला खबर लागली ती पूर आयर्विन पुलापाशी आल्यावर. दरवाजा कधीच उघडला होता.

माझं म्हणणं आहे ते इथे. तो आठवडा मोजता आला कारण त्याच्या आधीच्या, काहीही न घडलेल्या रात्रींच्या नोंदी होत्या. शेवटची शांत रात्र कोणती हे माहीत नसेल तर सुरुवात कोणती हे ठरवता येत नाही. सुरुवात ठरली नाही तर दृश्य प्रकाश आणि क्ष-किरण यांच्यातलं अंतर काढता येत नाही. आणि ते अंतर हाती नसेल तर चकतीत दरवाजा कुठे उघडला, हे कोट्यवधींच्या उपग्रहालाही सांगता येत नाही. उद्रेकाचा फोटो कुणीही काढेल. शांत रात्रीची नोंद करणारा माणूस दुर्मीळ.

माझं माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडच्या बाजूला. साताऱ्यात मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, पण बघायला मिळतं ते माहेरी. घराच्या स्लॅबवर दुर्बीण मांडते, २० सेंटिमीटर आरशाची. लाल टॉर्चच्या उजेडात नकाशा काढायचा. या नकाशांवर शेजारच्या ताऱ्यांच्या प्रती लिहिलेल्या असतात, दशांश चिन्हाशिवाय, म्हणजे ९६ असेल तर वाचायचं ९.६. टिंब छापलं तर तेही ताराच वाटेल म्हणून ही सोय. आपल्या ताऱ्याहून जरा तेजस्वी एक आणि जरा मंद एक असे दोन शेजारी निवडायचे आणि तो दोघांच्या मधे कुठे बसतो ते ठरवायचं. मंद ताऱ्याकडे रोखून पाहिलं तर तो विरून जातो. नजर थोडी बाजूला टाकली की पुन्हा उमटतो, कारण डोळ्याचा कडेचा भाग अंधुक उजेड जास्त चांगला टिपतो. अन् तारा दिसलाच नाही, तर जो सगळ्यांत मंद शेजारी दिसतोय त्याची प्रत लिहायची आणि पुढे नोंदवायचं: याहून मंद.

एकदा अण्णा वर आले. तेव्हा माझं तेच चाललं होतं.

"काय घावलं का गं?"

"न्हाई अण्णा. आज न्हाई काय."

"मग एवढं लिव्हतीस काय?"

"न्हाई दिसला, ते लिव्हते."

ते काही बोलले नाहीत. खाली जाताना जिन्यातला दिवा मात्र बंद करून गेले, माझ्या डोळ्यावर येऊ नये म्हणून.

अशा नोंदी ठेवणारा एक माणूस आपल्या देशात होऊन गेला आणि आपण त्याला पुरतं विसरलो, याचं मला वाईट वाटतं. राधागोविंद चंद्र. अखंड बंगालातल्या जेसोरचे, सरकारी खजिन्यात साधी नोकरी करणारे. पदवी नाही, वेधशाळा नाही. रात्रीमागून रात्री रूपविकारी तारे बघून ते नोंदी एएव्हीएसओला पाठवत. नोंदी इतक्या नेटक्या की त्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण समुद्रापार पाठवून दिली. आयुष्यभरात त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. ती दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बापूंकडे गेली आणि शेवटी कावलूरच्या वेधशाळेत पोचली. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर एक धडा असायला हवा होता, असं मी दरवर्षी वर्गात सांगते.

वर्गातच एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, आता आकाश आपोआप बघणाऱ्या दुर्बिणी आहेत, मग आपण कशाला बघायचं?" प्रश्न रास्त आहे. २०१८ च्या मार्चमध्ये एक नवंच कृष्णविवर जागं झालं. त्याची खबर पहिल्यांदा लागली ती ॲसॅस-एसएन नावाच्या जाळ्याला. त्याच्या दुर्बिणी म्हणजे १४ सेंटिमीटरच्या, कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्स. क्ष-किरणांत जपानच्या मॅक्सी या उपकरणाला ते दिसलं त्यानंतर पाच दिवसांनी, आणि मॅक्सीवरूनच त्याचं नाव पडलं, मॅक्सी जे१८२०+०७०. मग ॲस्ट्रोसॅटसुद्धा तिकडे वळला. मार्च असल्यामुळे आपलं आकाशही मोकळं होतं. पहाटे पूर्वेला तो तारा मी माणमधून पाहिला. जेमतेम बाराव्या प्रतीचा ठिपका, सुमारे दहा हजार प्रकाशवर्षांवरून आलेला. कृष्णविवर दिसत नाही हे मला माहीत आहे, मीच शिकवते. पण त्याच्याभोवती तापलेल्या वायूचा उजेड माझ्या स्वतःच्या डोळ्यात शिरत होता आणि मधे संगणकाचा पडदा नव्हता. ते सांगताना आजही माझा आवाज बदलतो.

तर त्या मुलीला मी सांगितलं की ही यंत्रं फार चांगली आहेत आणि मंद तारे आपल्याहून कितीतरी लांबवर बघतात. पण दहाव्या-अकराव्या प्रतीपेक्षा तेजस्वी ताऱ्यांनी त्यांची चित्रं जळतात. एसएस सिग्नी ऐन भरात आला की त्यांच्यासाठी तो फारच तेजस्वी. शिवाय पृथ्वी गोल आहे. हंस डोक्यावर असतो त्या दिवसांत जपानात उजाडायला लागतं तेव्हा युरोपात नीट अंधारही पडलेला नसतो, आणि मधल्या तासांत आपली रात्र असते. उद्रेकाची चढण दिवस-दोन दिवसांत संपते, त्यातला एकेक तास मोलाचा. त्या तासांत इथे कुणी बघत नसेल तर आलेखात तेवढी जागा रिकामी राहते. आमच्याकडची आकाशप्रेमी मंडळी ग्रहणं आणि उल्कावर्षाव उत्साहाने बघतात, शनीची कडी दाखवायला शाळाशाळांत जातात. ते करावंच. पण त्यातल्या चार जणांनी तरी रोज एक तारा लावून धरावा, ही माझी जुनी मागणी आहे.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न उरतोच. त्याला पूर्ण उत्तर नाही, पण अर्धं आहे. साताऱ्यात छत्री घेऊन म्हसवडच्या एसटीत बसावं, पुसेगाव ओलांडलं की काच कोरडी होत जाते. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. या भागाला त्याने पिढ्यान् पिढ्या रडवलंय, लोकांना घरदार सोडून गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं काम, करायला देशभर पांगवलंय. दुष्काळाचं कौतुक मी कधीही करणार नाही. पण ऑगस्टातल्या एखाद्या रात्री दोन ढगांच्या मधे तासभर हंस उघडा पडतो, तो इथेच. साताऱ्याच्या पश्चिमेला तेवढंही मिळत नाही. इथल्या गावांतून नोंद करणारी पाच-सहा मुलं तयार झाली, तर एका गावावर ढग असेल तेव्हा दुसऱ्या गावाला हंस मिळेल.

आणि सुरुवात करायची तर हिवाळ्यात करावी, मिथुन राशीतल्या यू जेमिनोरमपासून. १८५५ मध्ये जॉन रसेल हिंड यांना सापडलेला हा या प्रकारातला पहिला तारा. जानेवारीत मध्यरात्री तो आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो आणि तेव्हा आकाशही स्वच्छ असतं. एरवी चौदाव्या प्रतीचा, म्हणजे २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून बहुधा दिसणारच नाही. साधारण शंभर दिवसांनी एकदा तो नवव्या प्रतीपर्यंत चढतो, पण हा आकडा सरासरीचा. कधी दोन महिन्यांत उद्रेक होतो, कधी आठ महिने वाट बघायला लावतो. म्हणजे बहुतेक रात्री वहीत एकच ओळ जाईल: अमुक प्रतीपेक्षा मंद. ती ओळ त्याच रात्री एएव्हीएसओला पाठवावी, आणि वेळ जागतिक वेळेत लिहावी, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून.